पुडा उलटा करा: खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरची माहिती वाचायला शिकताना

वडिलांचं बीपी वाढल्याचं निघालं तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. आईने त्याच रात्रीपासून आमटीत अर्धंच मीठ घालायला सुरुवात केली. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, पापड बंद झाले. महिनाभर सगळं घर अळणी जेवलं आणि आकडा मात्र होता तिथेच. कारण सापडलं कचऱ्याच्या डब्यात. रात्री हलकं बरं म्हणून बाबा पाकिटातलं टोमॅटो सूप पीत होते, रोज दोन वाट्या. पाकिटाच्या मागे एका वाटीला साधारण ५०० मिलिग्रॅम सोडियम असं छापलेलं होतं. दोन वाट्यांचे १००० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातलं निम्मं एकट्या सुपात संपत होतं. पुढे सूप बंद झालं, गोळीही सुरू झाली, त्यामुळे कशाने किती उतरलं ते मला सांगता येणार नाही. आईने ते पाकीट रोज हातात घेतलं होतं. पण तक्त्यात ‘मीठ’ असा शब्दच नव्हता. ‘सोडियम’ होता, आणि तोही इंग्रजीत, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत.

आपल्याकडे वेष्टनावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते. मराठीतही छापायला मनाई नाही, पण सक्तीही नाही, म्हणून सहसा कोणी छापत नाही. घरात स्वयंपाक आणि बाजारहाट करणाऱ्या कित्येकांना ही माहिती त्यामुळे दिसूनही दिसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यातलं सतरावं तत्त्व आहे, वेष्टनावरची माहिती वाचा. कशी वाचायची, ते पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी इथे पायरीपायरीने लिहितो आहे.

पायरी १: काय वाचायचं ते आधी ठरवा

दुकानात उभं राहून वीस पुडे वाचायला गेलात तर तिसऱ्या पुड्यालाच कंटाळाल. सुरुवात घरातून करा. रोज किंवा एक दिवसाआड पोटात जाणारी पाकिटं ओट्यावर काढा. चहाबरोबरची बिस्किटं, ब्रेड, मुलांच्या दुधात घालायची पावडर, सॉस, नूडल्स, डब्यात जाणारा जॅम, असली पाच-सहाच निघतील. बाकरवडीच्या पुड्यावर तेलाचा आकडा मोठाच असणार, तो वाचून काही नवं कळत नाही. ती चार दिवस खायची, मजेत खायची. आकडेमोड करायची ती न विचार करता रोज खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टींची.

आणखी एक. चष्मा जवळ ठेवा, किंवा मोबाइलने मागच्या बाजूचा फोटो काढून मोठा करून बघा. अक्षरं किमान किती उंचीची हवीत याचे नियम आहेत, पण त्या किमान उंचीपलीकडे जायची हौस फारशा कंपन्यांना दिसत नाही.

पायरी २: समोरची बाजू सोडून पुडा उलटा करा

पुढच्या बाजूला गव्हाची सोनेरी लोंबी, दुधाची धार, धावणारं मूल असतं. ती जाहिरात. मागे किंवा बाजूला दोन चौकटी असतात: ‘इन्ग्रेडियंट्स’ म्हणजे घटकांची यादी आणि ‘न्यूट्रिशनल इन्फर्मेशन’ म्हणजे पोषणाचा तक्ता. या दोन्ही चौकटी कायद्याने द्याव्या लागतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला एफएसएसएआय म्हणतो, त्याचे लेबलविषयीचे २०२० सालचे नियम सध्या पाया धरले जातात.

आधी यादी वाचायची, मग तक्ता. बहुतेक लोक उलट करतात, थेट कॅलरी बघतात. पण यादीतूनच पुष्कळ काही कळतं, तेही गणिताशिवाय.

पायरी ३: घटकांची यादी

पहिला नियम असा की यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पदार्थ बनवताना जे सगळ्यात जास्त घातलं ते पहिलं. म्हणून पहिले तीन घटक म्हणजे जवळजवळ तो पदार्थच. समजा, पुढे ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या बिस्किटांच्या मागे अशी यादी आहे: रिफाइंड व्हीट फ्लोअर, शुगर, पाम ऑइल, ओट्स ४ टक्के, मग मीठ, मग नाचणी १ टक्का. मराठीत सांगायचं तर मैदा, साखर आणि पामतेल, वरून मूठभर ओट्स आणि नावापुरती नाचणी. ओट्स आणि नाचणीपुढे टक्के का, तर ज्या घटकाचं नाव वेष्टनावर मिरवलं आहे त्याचं प्रमाण सांगावं लागतं. तो टक्का शोधायची सवय लावून घ्या. पुढच्या बाजूच्या चित्राशी तो ताडून पाहणं ही एक वेगळीच करमणूक आहे.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती मिठाची. गोड बिस्किटात किंवा ब्रेडमध्ये मीठ फार नसतं, साधारण एक-दोन टक्के. त्यामुळे यादीत मिठाच्या नंतर जे येतं ते त्याहूनही कमी. बदाम, केशर, मध, ‘सात धान्यं’ मिठाच्या मागे उभी असली तर ती चिमूटभर आहेत असं खुशाल धरा.

गव्हाबाबत एक घोळ नेहमी होतो. ‘व्हीट फ्लोअर’ वाचलं की आपण कणीक समजतो. पण मैदाही गव्हाचाच. ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ म्हणजे आपली कणीक. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा. ब्राउन ब्रेड घेताना हे जरूर बघा, कारण तपकिरी रंग ‘कॅरॅमल’ घालूनही येतो. यादीत तो १५० या आकड्याने, पुढे एखादं अक्षर लावून, सापडतो.

आता साखर. ती एकाच नावाने आली तर यादीत वर जाते आणि नजरेत भरते. म्हणून कधी कधी ती तुकड्यातुकड्यांनी येते: शुगर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट. गूळ आणि मध यांनाही याच रांगेत उभं करा. गुळाची चव निराळी, पण वजनाने बहुतांशी ती साखरच. तीन वेगवेगळी नावं चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी विखुरलेली दिसली तर मनात ती एकत्र करून बघा, पहिल्या नंबरावर जातात का. ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ हा आणखी एक पाहुणा. तो फारसा गोड लागत नाही, तक्त्यातही साखरेच्या ओळीत न येता सहसा कर्बोदकांत मोजला जातो, पण पचतो मात्र झटपट. घरात मधुमेह असेल तर हे नाव लक्षात ठेवा.

शेवटी आकड्यांची रांग येते, ‘आयएनएस’ अशी अक्षरं लावलेली. ही पदार्थात मिसळलेल्या पूरक द्रव्यांची आंतरराष्ट्रीय क्रमांक-पद्धत आहे. ती पाहून घाबरून जाणारे लोक मला भेटतात, पण आकडा दिसला म्हणजे विष असं नसतं. ३३० म्हणजे लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल. ५०० म्हणजे सोड्याचं घराणं, खायचा सोडा त्यातलाच. ४१२ म्हणजे ग्वार गम, तो तर गवारीच्या बियांपासून काढतात. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनचं. २११ हे सोडियम बेंझोएट, सॉस-सरबतं टिकावीत म्हणून. १०२ आणि ११० हे कृत्रिम पिवळा आणि केशरी रंग. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, अजिनोमोटो या नावाने घराघरात माहीत असलेलं. ९५०, ९५१, ९५५ ही साखरेऐवजी वापरायची गोडवा आणणारी द्रव्यं. त्यातलं ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम, फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी ते टाळायचंच असतं. एखादा आकडा वाईट की चांगला यापेक्षा मी रांगेची लांबी बघतो. ज्या पदार्थाला घरी चार जिन्नस लागतात त्याला पुड्यात अठरा लागत असतील, तर रोजच्या खाण्यासाठी मी दुसरा शोधतो. हा माझा निकष, कायद्याचा नाही.

यादीच्या खाली ठळक अक्षरांत ‘कन्टेन्स’ अशी ओळ असते. गहू, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्याच्या जातीचे प्राणी, शेंगदाणे, काजू-बदाम वगैरे, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा उल्लेख तिथे येतो. ॲलर्जी असलेल्यांसाठी ही ओळ बाकी सगळ्या वेष्टनाहून महत्त्वाची.

पायरी ४: तक्ता, आणि ‘सर्व्ह’ नावाचा घोटाळा

तक्त्यात सहसा तीन रकाने असतात. पहिल्यात दर १०० ग्रॅमला किंवा १०० मिलिलिटरला किती, ते. दुसऱ्यात एका ‘सर्व्ह’मध्ये किती. तिसऱ्यात ती एक सर्व्ह दिवसाच्या गरजेच्या किती टक्के. हे टक्के ज्या दिवसाच्या हिशेबाने काढतात त्याचे आकडे ठरलेले आहेत: २००० किलोकॅलरी, एकूण चरबी ६७ ग्रॅम, संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना बनणारी घातक चरबी) २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम. शाळेत जाणाऱ्या मुलाचा किंवा सत्तरीच्या आजीचा दिवस एवढा मोठा नसतो, हे ध्यानात ठेवा.

सर्व्ह म्हणजे एका वेळचं खाणं, पण ते किती हे कंपनी सांगते. वेफर्सचा पुडा १०० ग्रॅमचा आणि सर्व्ह २० ग्रॅमची. म्हणजे तो पुडा पाच जणांनी खायचा! क्रिकेटची मॅच लागलेली असताना असा पुडा पाच जणांत वाटला गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. टक्क्यांच्या रकान्यात ‘८ टक्के’ दिसतात, आपण निश्चिंत होतो, आणि पुडा संपतो तेव्हा ४० टक्के पोटात गेलेले असतात.

म्हणून दोन कामांसाठी दोन रकाने वापरा. दोन पुड्यांची तुलना करायची असेल तर १०० ग्रॅमचाच रकाना बघा. एकाची सर्व्ह २५ ग्रॅमची आणि दुसऱ्याची ४० ग्रॅमची असली की दुसरा रकाना फसवतो. आणि स्वतःच्या पोटात किती गेलं हे पाहायचं असेल तर आपण खरोखर किती खातो ते मोजा. एकदाच स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आपली नेहमीची चार बिस्किटं ठेवून बघा. एकदा कळलं की पुन्हा मोजावं लागत नाही.

सूप, सरबताची पावडर, मसाले यांना १०० ग्रॅमचा रकाना जरा विचारपूर्वक वाचायचा. आपण काही शंभर ग्रॅम कोरडी पावडर खात नाही. तिथे एका वाटीला किंवा एका पेल्याला किती पावडर लागते ते पाहून हिशेब करा.

पायरी ५: तीनच ओळी वाचा

तक्त्यात दहा-बारा ओळी असतात. नवख्या माणसाने सोडियम, ॲडेड शुगर आणि सॅच्युरेटेड फॅट या तीनच धराव्यात.

सोडियमचं मीठ करायला अडीचने गुणा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. दिवसाचे २००० मिलिग्रॅम म्हणजे ५ ग्रॅम, साधारण एक सपाट चहाचा चमचा. या चमच्यात भाजी, आमटी, भात, कोशिंबीर, चटणी सगळं आलं, फक्त पाकिटातलं नव्हे. सोडियम मिठातूनच येतं असंही नाही. खायचा सोडा, पापडखार, अजिनोमोटो, टिकवण्यासाठीचं बेंझोएट, सगळीकडे ते आहे. म्हणूनच पाव-बिस्किटं चवीला खारट नसूनही आकडा मोठा निघतो. बाजारात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं, त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

साखरेच्या दोन ओळी असतात. ‘टोटल शुगर्स’मध्ये दुधातली, फळातली नैसर्गिक साखरही येते. ‘ॲडेड शुगर्स’ म्हणजे वरून घातलेली. साध्या दह्यात १०० ग्रॅमला चार-पाच ग्रॅम साखर दिसली तर दचकू नका, ती दुधातलीच. त्याच दह्याच्या आंबा-स्ट्रॉबेरीच्या कपावर टोटल १४ आणि ॲडेड ९ दिसले तर ते नऊ ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर. एक सपाट चहाचा चमचा साधारण चार ते पाच ग्रॅमचा धरा. ग्रॅम डोळ्यांपुढे येत नाहीत, चमचे येतात. समजा, एखाद्या थंड पेयावर १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर लिहिली आहे आणि बाटली ६०० मिलिलिटरची आहे. झाले ६६ ग्रॅम, तेरा-चौदा चमचे. आपल्या चहात कोणी तेरा चमचे टाकायला लागला तर आपण त्याचा हात धरू. मुलांना हे सांगताना मी रिकाम्या पेल्यात खरोखरची साखर मोजून घालून दाखवली होती, त्यानंतर वाद झाला नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारे फलक, लावायला सांगितलं, त्यामागची कल्पना याच जातीची.

दिवसाचे ५० ग्रॅम ही वरची मर्यादा. २५ ग्रॅमच्या आसपास राहिलं तर आणखी बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. आपल्या दोन-तीन चहांची साखर यातच धरायची.

चरबीच्या ओळींत एकूण आकड्यापेक्षा ‘सॅच्युरेटेड’ बघा. बिस्किटं, क्रीम, वेफर्स, फरसाण यांत बहुधा पामतेल असतं, आणि त्यातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलात ती बरीच कमी. ट्रान्स फॅटचं प्रकरण पूर्वीइतकं गंभीर राहिलेलं नाही. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलात आणि पदार्थातल्या तेला-तुपात कारखान्यात तयार झालेलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही.

किती म्हणजे जास्त, याला एक सोपी पट्टी हवी. आपल्या पुड्यांवर तशी खूण नाही, म्हणून मी ब्रिटनमधली उसनी घेतो. तिथे पुड्याच्या दर्शनी भागावर लाल, पिवळा, हिरवा असे सिग्नलचे रंग दिलेले असतात. कंपन्यांना ते ऐच्छिक आहेत, पण बऱ्याच पुड्यांवर दिसतात. १०० ग्रॅम खाद्यपदार्थात साखर २२.५ ग्रॅमच्या वर, चरबी १७.५ च्या वर, संपृक्त चरबी ५ च्या वर किंवा मीठ दीड ग्रॅमच्या वर, म्हणजे सोडियम ६०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर लाल. साखर ५, चरबी ३, संपृक्त चरबी दीड, सोडियम १२० मिलिग्रॅम यांच्या आत असेल तर हिरवा. पेयांची पट्टी याहून कडक, १०० मिलिलिटरला ११.२५ ग्रॅम साखरेच्या वर गेलं की लाल. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. लंडनला राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना ते रंगात दिसतात, आपल्याला बेरीज करून पाहावे लागतात, एवढाच फरक.

तो फरकही मिटावा म्हणून आपल्याकडे बरीच वर्षं खल चालला आहे. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पदार्थांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, मेक्सिकोने २०२० मध्ये तोच रस्ता धरला. आपल्या प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याचा मसुदा काढला. त्यावर आक्षेप आले. चांगल्या आणि वाईट गुणांची वजाबाकी करून दिलेला तारा इशारा देतच नाही, असं अनेक आरोग्य-कार्यकर्त्यांचं म्हणणं, आणि मलाही ते पटतं. बिस्किटात थोडा फायबर घालून अर्धा तारा वाढवता आला तर साखर होती तेवढीच राहते. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव आला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी भागावरच्या लेबलबाबत तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, मग ती मुदतही वाढली.

पायरी ६: आता पुन्हा समोरची बाजू

मागचं वाचून झालं की पुढचे दावे वाचायला मजा येते. दाव्यांनाही २०१८ चे नियम आहेत. ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर १०० ग्रॅमला साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त नको. ‘लो फॅट’ म्हणजे घन पदार्थात १०० ग्रॅमला ३ ग्रॅमच्या आत चरबी. ‘हाय फायबर’ म्हणजे १०० ग्रॅमला किमान ६ ग्रॅम. हे शब्द त्यामुळे अगदीच हवेतले नसतात. पण दावा एका गोष्टीचा असतो आणि पुडा सगळ्यांचा. शुगर फ्री बिस्किटात मैदा आणि पामतेल असू शकतं. ‘कोलेस्ट्रॉल नाही’ असं तेलाच्या डब्यावर लिहिणं म्हणजे केळ्यावर ‘हाडं नाहीत’ लिहिण्यासारखं आहे, वनस्पतिजन्य तेलात ते मुळात नसतंच. ‘बेक्ड’ म्हणजे तळलेलं नाही एवढंच, मळताना किती तेल घातलं ते तक्ताच सांगतो.

काही शब्दांवर प्राधिकरणाने बंधनं आणली आहेत, जुना माल किंवा जुनी सवय राहिली असेल म्हणून सांगतो. दूध, धान्य किंवा माल्ट यांवर आधारलेल्या पेयांना विक्रीच्या संकेतस्थळांनी ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणू नये असं एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं गेलं. अर्कात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा त्याच वर्षी जूनमध्ये काढायला लावला.

सगळ्यात महत्त्वाचा बदल ऑक्टोबर २०२५ चा: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला बंदी. खऱ्या ओआरएसच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. मुलाला जुलाब होत असताना त्याऐवजी गोड पेय पाजलं तर जुलाब वाढू शकतात. औषधाच्या दुकानात मिळालं म्हणून विश्वास ठेवू नका, मागचे आकडे या चार आकड्यांशी जुळवून बघा.

पायरी ७: खुणा आणि तारखा

हे पटकन होतं. हिरव्या चौकटीत हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, अंडं असलं तरी त्रिकोणच. हिरव्या गोलाचा तब्येतीशी संबंध नाही, थंड पेयावरही तो असतो. निळा ‘प्लस एफ’ म्हणजे जीवनसत्त्वं किंवा लोह वरून घातलेलं, मीठ-तेल-दूध-कणकेवर तो दिसेल. काळ्या चौकटीत काळी फुली म्हणजे माणसाने खायची वस्तू नाही. देवघरासाठी आणलेल्या तेलावर किंवा तुपावर ही खूण पाहून ठेवा, घाईत फोडणीला जायला नको.

‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ उलटली की वस्तू विकताही येत नाही आणि खायचीही नाही. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव-वास उत्तम राहील. सवलतीत मिळणाऱ्या जोडपुड्यांवर तारीख आधी बघा.

पायरी ८: लेबलच नसेल तेव्हा

शंभर चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या छोट्या वेष्टनांना घटकांची यादी आणि तक्ता छापण्यातून सूट आहे. शाळेसमोरच्या टपरीवर माळेला लटकणाऱ्या पाच रुपयांच्या पुड्यांपैकी कित्येक यात बसतात, आणि ते घेणारी मुलंच असतात. उपाय एकच, त्याच मालाचा मोठा पुडा कुठे दिसला तर त्यावरचा तक्ता वाचून ठेवा.

बेकरीतली खारी, सुटं फरसाण, गाडीवरचा वडापाव यांना तक्ता नाही. तिथे विचारायचं: कोणत्या तेलात तळता, खारीत डालडा आहे का. नेहमीचा दुकानदार सांगतो, थोडा हसतो, पण सांगतो. बचत गटाच्या लोणची-पापडांवर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असायला हवा. २ ने सुरू होणारा म्हणजे लहान व्यवसायाची नोंदणी, १ ने सुरू होणारा म्हणजे परवाना. हा क्रमांक असणं म्हणजे पदार्थ पौष्टिक असल्याचा दाखला नव्हे, बनवणारा कोण आणि कुठला हे शोधता येईल, इतकंच.

पायरी ९: काही चुकीचं आढळलं तर

तारखेवर तारीख चिकटवलेली, यादीच नाही, शाकाहारी खूण असून घटकांत अंडं, असं काही दिसलं तर वेष्टनाच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढा. बॅच नंबर, चौदा आकडी क्रमांक, बिल जपून ठेवा. प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार करता येते, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय असतं. मी पहिल्यांदा तक्रार करायला बसलो तेव्हा चिवडा डब्यात ओतून त्याचा पुडा आदल्या रात्रीच घंटागाडीत गेला होता, आणि बॅच नंबरच्या रकान्यापुढे लिहायला काहीच नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे पुडा डब्यात रिकामा केला की त्याचा मागचा भाग कात्रीने कापून झाकणाखाली ठेवतात. आई आता तो चष्मा लावून वाचते, आणि सोडियमला अडीचने तोंडीच गुणते.